पंधराचे पाच: बाबांसोबत बघितलेल्या जुगाराच्या सिरीज

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनअखेरीला, आणि डॉक्टरांनी सांगितलं दीड महिना जिना नाही, गाडी नाही, वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरायचं. आता ज्या माणसाने नाशिकला सातपूरच्या कंपनीत एकतीस वर्षं तीन शिफ्टमध्ये काम केलं आणि रिटायर झाल्यावर पण रोज पवननगरच्या मार्केटला चक्कर मारून एक जुडी कोथिंबीर आणल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही (घरात आधीच दोन जुड्या असल्या तरी), त्याला सिडकोतल्या वन बीएचकेत कोंडून ठेवायचं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. पहिले चार दिवस न्यूज चॅनल लावून बसले. पाचव्या दिवशी आईने रिमोट काढून घेतला, कारण अँकर ओरडला की हे पण त्याच्यावर ओरडायचे आणि खालच्या काकू विचारायला आल्या की अहो सगळं ठीक आहे ना.

मग मी म्हंटलं चला सिरीज बघू. मला स्वतःला जुगाराच्या गोष्टी जाम आवडतात, खेळत मी काहीच नाही, गणपतीत मंडपात रात्री जागरणाला पोरं पत्ते खेळायची तेव्हा मी बाजूला बसून मोजायचे कोणाचे किती गेले, तेवढंच. दिवसभर लोकांचे जीएसटी रिटर्न भरायचे हा माझा धंदा, त्यामुळे पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे बघितल्याशिवाय मला गोष्टच कळत नाही. तर मी माझ्यासाठीच कोरियन 'बिग बेट' लावली हॉटस्टारवर, म्हंटलं बाबा दहा मिनिटात झोपतील.

नाही झोपले. सबटायटल इंग्लिश, त्यामुळे मी मराठीत सांगत होते, आणि कॅसिनोचा सीन आला की पॉज करून खेळ समजवत होते. बॅकारा म्हणतात त्याला. प्लेयर आणि बँकर अशा दोन बाजू, दोघांना दोन-दोन पत्ते, कधीकधी तिसरा, बेरीज नऊच्या जितकी जवळ तितकं चांगलं, दहा आणि चित्राचे पत्ते म्हणजे शून्य, आणि बेरीज दहाच्या वर गेली की दहा सोडून द्यायचे नि फक्त शेवटचा आकडा धरायचा. मी म्हंटलं समजा सात आणि आठ आले, तर किती, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा म्हणाले, "पंधराचे पाच." मी म्हंटलं बरं, नऊ आणि चार? "तेराचे तीन. पुढे लाव."

आईने किचनमधून मान काढून बघितलं आणि परत आत घेतली.

ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मटक्यात पण हेच असतं. तीन आकड्यांची पत्ती निघते, समजा २-५-९, बेरीज सोळा, सोळाचे सहा, तो झाला ओपन. नंतर दुसरी पत्ती निघते, समजा १-३-८, बाराचे दोन, तो क्लोज. मिळून जोडी झाली ६२. सिंगल आकडा लागला तर साधारण नऊ पट, जोडी लागली तर नव्वद पट. हे सगळं सुरू झालं न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावरून, तिकडून मुंबईला तारेने भाव यायचे आणि लोक त्याच्या ओपनिंग-क्लोजिंगवर पैसे लावायचे, मग साठच्या दशकात ते भाव यायचे बंद झाले तर लोक थांबतील का, कल्याणजी भगतने १९६२ ला आपला मटका सुरू केला, रतन खत्रीने १९६४ ला. नाव मटका कारण चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढायचे, नंतर पत्ते आले पण नाव तेच राहिलं.

आमच्या घरात हा शब्दच नव्हता. "ते" म्हणायचे. "ते बंद केलं तेव्हा तू पोटात होतीस" एवढंच मला आईकडून माहीत. बाकी मला जे काही माहिती झालं ते एका डायरीवरून, आणि ती पण याच ऑपरेशनमुळे सापडली, मेडिक्लेमचे कागद शोधताना. १९८७ ची, कोणत्यातरी नटबोल्टच्या सप्लायरने दिवाळीला वाटलेली, रेक्झिनचं कव्हर. जानेवारी ते मे रोजच्या पानावर लाल पेनाने तीन आकडे, रेघ, दोन आकडे, रेघ, तीन आकडे. काही आकड्यांना गोल केलेलं. जूनपासून आईचं अक्षर. साखर २ किलो, गोडेतेल १, निरमा, दूधवाला बाकी. एक पान असं आहे की वर लाल पेनाने जोडी आहे आणि खाली आईने शेंगदाणे लिहिलेत. आणि मी माझ्या सवयीने पाच महिने चाळले की एकूण किती लावले आणि किती आले याची बेरीज कुठे आहे, तर कुठेच नाही. जो माणूस आजसुद्धा रिक्षाचे वीस रुपये वहीत लिहितो त्याने पाच महिन्यात एकदाही बेरीज केलेली नाही.

तर अशा माणसासोबत मी दीड महिना जुगाराच्या सिरीज बघितल्या, आणि आता कुठली बघण्यासारखी आणि कुठली नाही याबद्दल माझं जे मत झालंय ते निम्मं त्यांचं आहे.

आधी 'बिग बेट'च. २०२२ च्या डिसेंबरला आली, आठ-आठ एपिसोडचे दोन भाग. चोई मिन-सिक हा तिकडचा फार मोठा नट, पंचवीसेक वर्षांनी टीव्हीवर आला तो यात. चा मू-सिक नावाचा माणूस, कोरियात टॅक्सवाले मागे लागतात म्हणून फिलिपिन्सला पळतो आणि तिथे कॅसिनोचा राजा होतो. पहिले दोन-तीन एपिसोड लहानपणापासून सुरू होतात आणि रेंगाळतात, आणि तरुणपणीच्या सीनमध्ये त्याचा चेहरा कॉम्प्युटरने तरुण केलाय तो बघून बाबा म्हणाले याला इस्त्री केलीये का. पण एकदा गाडी कॅसिनोत शिरली की सोडवत नाही. कारण यात खेळ कमी आणि धंदा जास्त आहे. कोरियाच्या लोकांना स्वतःच्या देशात एकाच कॅसिनोत खेळता येतं, कांगवॉन लँड म्हणून, डोंगरात कोळशाच्या खाणी बंद पडल्या त्या भागात २००० साली काढलंय ते, बाकी सगळे कॅसिनो फक्त परदेशी लोकांसाठी. त्यामुळे शौकीन लोक विमानात बसून फिलिपिन्सला आणि मकावला जातात. आणि त्यांना आणणारे एजंट असतात, ते हॉटेल बघतात, गाडी बघतात, उधारीवर चिप्स देतात, आणि गिऱ्हाईक जिंको नाहीतर हरो, जेवढ्या रकमेचा खेळ फिरला त्यावर यांचं कमिशन. मग उधारी वसूल करायला वेगळी माणसं.

हे एजंट लोक बघितल्यावर बाबा एकदम सरसावून बसले. म्हणाले आमच्याकडे पण अस्संच होतं, टपरीवाला चिठ्ठी लिहायचा, कार्बन ठेवून, एक तुला एक त्याला, त्याला शंभरावर काहीतरी सुटायचे, तो कधी स्वतः एक रुपया लावायचा नाही. "मी त्याला विचारलं एकदा, तू का नाही लावत? तर म्हणे मला दुकान आहे." हे सांगून स्वतःच हसले खूप.

आणि एक गोष्ट, जी मी शंभर वेळा बघितली असती तरी मला सुचली नसती. बॅकारा खेळणारे लोक पत्ता सरळ उलटत नाहीत, टेबलावर आडवा धरून एका कडेने हळूहळू वाकवत वाकवत बघतात, आधी कडेची बदामं दिसतात का बघतात, किती दिसतात त्यावरून अंदाज, कपाळावर आठ्या, तोंडाने फुंकर. आपल्याकडे तीन पत्तीत लोक एकावर एक पत्ते ठेवून अंगठ्याने तसूतसूने सरकवतात तेच. पत्ता तर छापलेला आहे, हळू बघितल्याने बदलणार थोडीच, पण नाही. बाबा म्हणाले ते पत्ता बघत नसतात, हरायचं अजून अर्धा मिनिट लांबवत असतात. मी लिहूनच ठेवलं ते.

तेव्हापासून आमच्या घरात एक परीक्षा ठरली. सिरीजमध्ये गल्ला दाखवलाय का? म्हणजे पैसे मोजायची खोली, वही, कट कोण घेतो, उधारी कशी फिरते. दाखवलाय तर बघायची, नुसते स्लो मोशनमध्ये पत्ते उडताना आणि गोरी बाई फुंकर मारताना दाखवली असेल तर बंद. आणि मालक खेळताना दिसला तर ताबडतोब बंद.

या परीक्षेत अमेरिकन 'लास वेगास' साफ नापास. २००३ ते २००८ चालली, पाच सीझन, मॉन्टेसिटो नावाचा खोटा कॅसिनो, त्याचा सिक्युरिटीवाला जेम्स कान, आधी सीआयएमध्ये असलेला. सगळे लोक सुंदर, सगळे प्रॉब्लेम चाळीस मिनिटात खलास, कॅमेऱ्यात बघून चोर पकडायचा आणि संध्याकाळी दारू प्यायची. टाइमपास म्हणून मला आवडते खरं सांगायचं तर, इस्त्री करताना लावायला मस्त. पण शेवट अर्धवट सोडलाय, पुढचा सीझनच आला नाही, त्यामुळे पूर्ण बघणाऱ्यांनी आधीच मनाची तयारी ठेवा. बाबांनी दोन एपिसोड बघून विचारलं, "यात कोणी हरत का नाही?"

त्याच गावावरची दुसरी आहे 'वेगास', एवढंच नाव, २०१२ ची, एकच सीझन, एकवीस एपिसोड. ही मात्र बघा. १९६० चं लास वेगास, अजून अर्धं वाळवंट, गायी हाकणारा राल्फ लँब शेरीफ होतो (हा खरा माणूस, १९६१ ते १९७९ तिथला शेरीफ होता) आणि समोर शिकागोहून आलेला माफियाचा माणूस सॅवॉय कॅसिनो चालवतो. डेनिस क्वेड आणि मायकल चिकलिस. यात गल्ला आहे, पुरेपूर आहे. तिकडे माफिया चोरी करायचे ती टेबलावर नाही तर मोजायच्या खोलीत. टेबलाखालच्या पेट्यांतले पैसे मोजणीला आले की मोजून लिहायच्या आधीच त्यातले बाजूला काढायचे, म्हणजे सरकारला दिसणारा आकडा कमी, टॅक्स कमी, आणि सुटकेस भरून शिकागोला रवाना. मी हे बघताना एवढी खूश झाले की आई म्हणाली तुला काय बक्षीस लागलंय का. अहो पण माझा रोजचा विषय आहे हा, बिलाबाहेरची विक्री, फक्त यांच्याकडे हॅट आहे.

तिथेच मी बाबांना एक हिशोब करून दाखवला. रुलेटच्या चाकावर १ ते ३६ आकडे आणि एक शून्य, म्हणजे ३७ घरं. एका आकड्यावर लावलं आणि लागलं तर ३५ पट आणि तुमचा स्वतःचा रुपया परत, म्हणजे ३६. सदतीसात छत्तीस परत, मालकाला उरतात शंभराला २.७ रुपये. अमेरिकेत दोन शून्य असतात, ३८ घरं, तिथे शंभराला ५.२६. आणि मटक्यात दहा आकडे, लागला तर नऊ पट. म्हणजे शंभराला सरळ दहा. बाबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे ते माफियावाले आमच्या टपरीवाल्यापेक्षा परवडले?"

याच दरम्यान निफाडचे काका भेटायला आले, द्राक्षं विकून कांदा लावलेले. सोफ्यावर बसून त्यांनी अर्धा एपिसोड बघितला, चहा प्यायला, आणि म्हणाले हा कसला जुगार, जुगार बघायचा तर माझ्या कांदाचाळीत या. उन्हाळ कांदा भरून ठेवलाय, विकला तर भाव पडलेला, ठेवला तर कोंब फुटतात नि सडतो, रोज सकाळी लासलगावचा भाव बघायचा आणि उद्या बघू म्हणायचं. जाताना विचारून गेले, तुमच्या या सिरीजमध्ये सरकार मध्येच निर्यात बंद करतं का?

आता 'लक'. ही माझी सगळ्यात आवडती आणि हिचंच नशीब सगळ्यात फुटकं. एचबीओची, २०१२, नऊच एपिसोड. रेसकोर्सवरची आहे, कॅलिफोर्नियातल्या सांता अनिताच्या खऱ्या रेसकोर्सवर शूट केलेली, डस्टिन हॉफमन, निक नोल्टी, पहिला एपिसोड मायकल मानने केलेला. लिहिणारा डेव्हिड मिल्च, जो स्वतः आयुष्यभर घोड्यांवर प्रचंड पैसे घालवत आलेला माणूस, आणि ते जाणवतं, कारण यात कोणीही काहीही समजावून सांगत नाही. पहिले दोन एपिसोड डोक्यावरून जातात, लोक पुटपुटतात, कागदावर आकडे लिहितात, घोड्यांची नावं. पण चार फुकटे मित्र आहेत त्यात, एक व्हीलचेअरवर ऑक्सिजन लावून, हे चौघं मिळून सलग सहा रेसचे विनर ओळखायचं तिकीट काढतात, आपल्याकडे जॅकपॉट म्हणतात तसलं, आणि लागतं. वीस लाख डॉलरच्या वर. असं वाटतं आता सुटले हे. आणि त्यातला सगळ्यात हुशार जो, ज्याने घोडे ओळखले, तो उठून सरळ पोकर खेळायला जातो आणि एका माणसापुढे बसून पैसे हरायला लागतो. मला कळेना, म्हंटलं एवढे मिळाले तर घरी जा ना बाबा.

तेव्हा आमचे बाबा म्हणाले, टीव्हीकडेच बघत, "मला एकदा जोडी लागली होती."

मी पॉज पण नाही केलं, म्हंटलं थांबले तर गप्प बसतील. वीस रुपये लावले होते. अठराशे आले. १९८६, पगार नऊशेच्या आसपास. टपरीवाल्याने दहाच्या आणि वीसच्या नोटा मोजून दिल्या, आणि ते सायकलवरून येताना शर्टाच्या आत बनियनमध्ये ठेवून आले, घाम येऊन ओल्या झाल्या. मेनरोडला जाऊन एक टेबल फॅन घेतला. बाकीचे आठ दिवसात त्याच टपरीवर परत. "बोनस म्हणून सांगितलं होतं हिला," हळूच म्हणाले, "तो फॅन."

तो फॅन आहे अजून. निळा, जाळी एकीकडे दबलेली, मान फिरते पण डावीकडे गेली की टक्क आवाज करून थांबते आणि हाताने ढकलावी लागते. दहावीचा अभ्यास मी त्याच्यासमोर केलाय. आणि आत्ता पण तो बाबांच्या पायाकडे लावलेला होता.

आई आतून म्हणाली, "मला माहितीये कशाचा आहे तो. मे महिन्यात कोण बोनस देतं?"

चाळीस वर्षं. चाळीस वर्षं माहीत होतं आणि एक शब्द नाही. पोकर फेस म्हणतात तो कॅसिनोत वगैरे शोधू नका.

तर 'लक'चं नशीब असं की शूटिंगमध्ये घोडे मेले, पहिल्या सीझनला दोन, दुसऱ्याचं काम सुरू झाल्यावर तिसरा, आणि मार्च २०१२ मध्ये एचबीओने सिरीजच बंद केली. बरोबरच केलं. पण हे माहीत झाल्यावर परत बघताना प्रत्येक रेसला पोटात गोळा येतो, आणि रेस एवढ्या सुंदर शूट केल्यात की अजूनच वाईट वाटतं. बघा असं कसं म्हणू आणि बघू नका असं कसं म्हणू.

'पीकी ब्लाइंडर्स' सगळ्यांनी बघितलीच असेल, टोप्या आणि सिगरेट आणि रील्स. पण लोक विसरतात की ते गुंड मूळचे बुकी आहेत. १९१९ चं बर्मिंगहॅम, रेसकोर्सच्या बाहेर रोख पैसे लावणं तेव्हा बेकायदेशीर, आणि यांच्या घरातल्या दारामागे अख्खं बुकिंगचं दुकान, फळ्यावर भाव लिहिलेले, आत्या हिशोबाला. पहिल्या एपिसोडची सुरुवातच बघा, त्यांचा म्होरक्या टॉमी घोड्यावर लाल पावडर फुंकून घेतो, गल्लीभर बातमी की घोड्यावर मंतर टाकलाय, लोक लावतात, घोडा जिंकतो. भाऊ चिडतो तर हा म्हणतो अजून एकदा जिंकू दे, तिसऱ्या वेळी अख्खं गाव लावेल आणि तेव्हा तो हरेल. बाबांना हे समजवायलाच लागलं नाही. मटक्यात पण लोक म्हणायचेच की ज्या आकड्यावर सगळ्यात कमी पैसे तोच आकडा निघतो. पुढचे सीझन बंदुकीचे आहेत, गल्ला मागे पडतो, आम्ही दुसऱ्यातच सोडली.

'स्क्विड गेम'बद्दल काय लिहायचं, २०२१ ला सगळ्यांनी दोन दिवसात संपवलेली. मला त्यातला पहिला अर्धा तासच सगळ्यात भारी वाटतो, खेळ सुरू व्हायच्या आधीचा. कर्जात बुडालेला हिरो गी-हून आईचं कार्ड घेऊन घोड्यांवर लावतो, लागतं, पोरीच्या वाढदिवसाला पैसे आहेत म्हणून खूश, आणि वसुलीवाले मागे लागतात तर पळता पळता खिसाच कापला जातो. शेकडो लोकांचं मरण बघून आईला काही वाटलं नाही (स्वयंपाक करत बघत होती) पण हे बघून ती "अरे देवा" म्हणाली.

भाच्याच्या आग्रहाने 'काइजी' पण बघितली. जपानी कार्टून आहे, म्हणजे अॅनिमे, २००७ ची, चित्रं एकदम विचित्र, सगळ्यांची नाकं त्रिकोणी. बाबा म्हणाले कार्टून काय बघायचं. पण गोष्ट कशी सुरू होते, तर काइजी मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेला असतो आणि मित्र गायब. संपलं. ज्याच्या घरात पतसंस्थेच्या जामीनकीची नोटीस आलेली आहे त्या प्रत्येक माणसाला पुढे बघायलाच लागतं. तीन लाख येनचे व्याजाने ३८ लाखांच्या वर झालेले, मग जहाजावर नेतात आणि तिथे जुगार कसला तर दगड-कागद-कात्री, प्रत्येकाला तिन्हींचे चार-चार पत्ते आणि तीन स्टार. एवढ्याशा पोरखेळातून एवढी फसवाफसवी निघते की आम्ही तोंड उघडं ठेवून बघत होतो. दुसऱ्या सीझनमध्ये एका पाचिंको मशिनवर इतके एपिसोड घालवलेत की वेड लागतं, पण त्यातही मजा आहे, जपानमध्ये या मशिनवर जिंकलेल्याला रोख पैसे देता येत नाहीत म्हणून मशिनमधून निघालेल्या स्टीलच्या गोळ्या देऊन बक्षीस घ्यायचं आणि ते बक्षीस शेजारच्या वेगळ्या दुकानात विकून पैसे घ्यायचे. जुगाड फक्त आपणच करतो असं समजायचं कारण नाही. 'काकेगुरुई' म्हणून दुसरी आहे, शाळेतल्या मुलींची, ती मी एकटीने बघितली, दोन एपिसोड, नको.

फिजिओचा मुलगा यायचा तो पाय वाकवता वाकवता टीव्हीकडे बघायचा. ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले त्या आठवड्यात आला तो जरा पडेल चेहऱ्याने. रमीच्या कुठल्यातरी अॅपवर चौदाशे रुपये पडून आहेत, काढता येतायत का बघतो म्हणाला. बाबांनी विचारलं एकूण किती गेले? म्हणाला काका, तसं मोजलं नाही कधी. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी छताकडे.

शेवटची आम्ही बघितली ती नवीन नाहीच. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत', १९८८ ते ९०, चौऱ्याण्णव एपिसोड, त्यातले द्यूताचे. आईने लावायला सांगितलं, म्हणाली एवढं जगाचं बघताय तर आपलं पण बघा. आणि खरं सांगते, सगळ्या परीक्षांमध्ये पास. गूफी पेंटल शकुनी, तळहातात फासे घोळवायची ती पद्धत, बोलायचं हळू आणि हसायचं त्याहून हळू. लहानपणी बघताना मला वाटायचं शकुनीचे फासे जादूचे आहेत एवढीच गोष्ट आहे. आता मोठं होऊन बघितलं तर सगळं पहिल्याच मिनिटात दिसतं. पणाला लावतोय दुर्योधन आणि फासे टाकतोय मामा, आणि युधिष्ठिर ते चालवून घेतो. म्हणजे 'बिग बेट'मधला एजंट आणि कॅसिनो एकाच बाजूला बसलेत आणि हा एकटा समोर. मग धन, मग राज्य, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतः, मग द्रौपदी. प्रत्येक वेळी तोंडावर तेच, की आता येईल. आणि सगळं परत मिळाल्यावर दुसऱ्यांदा बोलावलं तर परत जाऊन बसतो! ते बघताना आई म्हणाली धर्मराज म्हणे. बाबा काही बोलले नाहीत, फॅनची मान अडकली होती ती वॉकरच्या टोकाने ढकलली.

मटक्यावर नागराज मंजुळे सिरीज करणार, विजय वर्मा असणार, हे २०२४ ला जाहीर झालं तेव्हापासून माझं त्याच्यावर लक्ष होतं. बाबांना सांगितलं तर एकच प्रश्न, टपरीवाला आहे का त्यात.

आता वॉकर सुटलाय, काठी आहे, कोथिंबीर परत सुरू झालीये. 'बिग बेट'चा दुसरा भाग मध्येच राहिला होता, मला ताकीद होती की एकटीने बघायचं नाही. परवा रात्री झोप येईना तर मी हेडफोन लावून शेवटचे दोन एपिसोड बघून टाकले, आणि सकाळी चहा घेताना अगदी साळसूद चेहरा करून पेपर वाचत बसले. बाबांनी बिस्किट बुडवलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बघितलेस ना?"

मी म्हंटलं नाही हो.

"बरं," म्हणाले, आणि आईकडे बघून, "वीस रुपये दे माझे."